ॲम्प्लिफायरचा एसएमपीएस शांत कसा ठेवावा

एक किलोव्हीएचा टोरॉइड ट्रान्सफॉर्मर एकटाच सात-आठ किलो भरतो. तेवढीच ताकद देणारा एसएमपीएस त्याच्या पाव वजनातही बसतो, म्हणून आता मांडवातल्या रॅकपासून घरच्या स्टिरिओपर्यंत सगळीकडे तोच दिसतो. पण स्वतः बांधून पहिल्यांदा चालू केला, की स्पीकरमधून बारीक शिट्टी येते, शेजारच्या खोलीतला रेडिओ खरखरू लागतो आणि बांधणारा तडक लाइन फिल्टर आणायला बाजारात जातो. फिल्टर लागतोच, पण त्याचा नंबर शेवटचा. सप्लायमध्ये तयार होणारा प्रत्येक हाय फ्रिक्वेन्सी करंट जिथून निघाला तिथेच परत जातो. त्याला परतीची जवळची वाट तुम्ही दिली नाही, तर तो स्पीकरच्या वायरमधून, सिग्नल केबलच्या जाळीतून किंवा अर्थिंगमधून वाट काढतो. त्यामुळे पीसीबीला हात लावण्याआधी सर्किटची मोठी प्रिंट काढा आणि हे करंट कुठून कुठे फिरतात ते रंगीत पेनने गिरवा. तासाभराचं काम आहे, पुढची बरीच डोकेदुखी वाचते.

हा लेख अशा वाचकांसाठी आहे ज्यांनी क्लास एबी ॲम्प्लिफायर बांधला आहे आणि ज्यांना ऑसिलोस्कोप वापरायला मिळतो. प्रायमरीला ३२५ व्होल्ट डीसी असतं आणि त्याचा झटका जीवघेणा असतो. ज्यांनी मेनवर चालणारं सर्किट कधी उघडलेलं नाही, त्यांनी पहिला सप्लाय एकट्याने बांधू नये. जाणत्या माणसाला शेजारी बसवावं.

गरज मोजा, मग कोअर निवडा

उदाहरण म्हणून दोन चॅनेलचा क्लास एबी ॲम्प्लिफायर घेऊ. रेल अधिक-उणे ५० व्होल्ट, स्पीकर ४ ओहम. साइन वेव्हवर आउटपुटचा पीक ४० व्होल्ट धरला तर पीक करंट १० ॲम्पिअर आणि प्रत्येक चॅनेलला २०० वॅट मिळतात. सप्लायवर प्रत्येक चॅनेलचा भार साधारण ३२० वॅट, म्हणजे दोन्ही मिळून ६४० वॅट पडतो. पण संगीत साइन वेव्हसारखं सलग पूर्ण ताकदीने वाजत नाही. पूर्ण ताकदीच्या एक अष्टमांशावर, म्हणजे चॅनेलमागे २५ वॅट आउटपुटवर, हाच भार दोन्ही मिळून २२५ वॅटच्या आसपास येतो. म्हणून तार, हीटसिंक आणि कोअरचं तापमान यांचा हिशेब २५० ते ३०० वॅटला करा. मॉसफेट, डायोड आणि करंट प्रोटेक्शनचा हिशेब मात्र ६५० वॅटच्या वर ठेवा.

हा फरक लक्षात न घेता अनेक जण एलईडी पट्ट्यांसाठी मिळणारे जाळीच्या पत्र्यातले दोन सप्लाय सिरीजमध्ये जोडून रेल तयार करतात. त्यांचं प्रोटेक्शन सरासरी भारासाठी लावलेलं असतं. ढोलाचा एक जोरदार ठोका आला की ते आउटपुट तोडतात आणि बास चिरकतो. तसे सप्लाय प्रीॲम्पला चालतील, पॉवर ॲम्पला वापरू नका.

दुसरा मुद्दा आपल्याकडच्या व्होल्टेजचा. २३० व्होल्टला डीसी बस ३२५ व्होल्ट. गावाच्या टोकाला रात्री २६० व्होल्ट चढलं की ती ३६८ होते. हाफ ब्रिजमध्ये दोन कपॅसिटर सिरीजमध्ये असतात, म्हणजे प्रत्येकावर १८४ व्होल्ट. जुन्या कॉम्प्युटर सप्लायमधून काढलेले २०० व्होल्टचे कपॅसिटर इथे अगदी काठावर येतात, २५० व्होल्टचेच घ्या. मॉसफेटचंही तसंच. आयआरएफ ७४० हा ४०० व्होल्टचा आहे, आपल्या लाइनला त्यात पुरेशी गुंजाइश उरत नाही. आयआरएफपी ४६० सारखा ५०० व्होल्टचा किंवा त्याहून वरचा घ्या.

फिल्टर कपॅसिटरचा साठा कुठे ठेवायचा, यावरही टोरॉइडची सवय आड येते. ५० व्होल्ट रेलला प्रत्येकी दहा-दहा हजार मायक्रोफॅरड लावण्याची इथे गरज नाही. ६८० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर सिरीजमध्ये, म्हणजे ३४० मायक्रोफॅरड, ३२५ व्होल्टला सुमारे १८ जूल ऊर्जा धरतात. सेकंडरीवर ५० व्होल्टला २२०० मायक्रोफॅरड फक्त पावणेतीन जूल धरतो. बाससाठीचा साठा प्रायमरीतच स्वस्तात होतो. उलट सेकंडरीवर डोंगराएवढे कपॅसिटर लावले, तर चालू होताना ते सप्लायला शॉर्टसारखे दिसतात आणि सॉफ्ट स्टार्ट नसेल तर पहिल्याच क्षणी मॉसफेट उडतात. प्रत्येक रेलला १००० ते २२०० मायक्रोफॅरड, कमी ईएसआरचे, एवढं पुरे.

रेग्युलेटेड की अनरेग्युलेटेड? पहिल्या सप्लायसाठी मी अनरेग्युलेटेड हाफ ब्रिज सुचवेन. फ्रिक्वेन्सी ठरलेली, पल्स पूर्ण रुंद. रेल लाइनबरोबर वरखाली होईल: २३० ला ५० असेल तर २६० ला साडेछप्पन, म्हणून कपॅसिटर ६३ व्होल्टचे. साध्या ट्रान्सफॉर्मरवरही हेच होत आलं आहे आणि फीडबॅक असलेला क्लास एबी ते सहज पचवतो. रेग्युलेटेड सप्लायची एक खोड मात्र ऑडिओला त्रासदायक असते. भार हलका असताना काही कंट्रोलर पल्स गाळतात, म्हणजे थोडे पल्स, मग विश्रांती, पुन्हा थोडे पल्स. या तुकड्यांची फ्रिक्वेन्सी ऐकू येणाऱ्या पट्ट्यात पडते, आणि तीही गाणं थांबलेलं असताना, जेव्हा कान सर्वांत सावध असतो. असा सप्लाय वापरायचाच असेल तर रेलवर कायमचा थोडा भार ठेवा, म्हणजे तो पल्स गाळणार नाही.

हाफ ब्रिजवर चालणारा साधा क्लास डी लावणार असाल, तर बस पंपिंगचा विचार करा. खालच्या फ्रिक्वेन्सीला तो एका रेलमधली ऊर्जा दुसऱ्या रेलमध्ये ढकलतो आणि त्या रेलचं व्होल्टेज चढतं. एसएमपीएसचे डायोड ती ऊर्जा परत घेत नाहीत. दोन चॅनेलपैकी एकाला उलट्या फेजने सिग्नल द्या आणि त्या चॅनेलच्या स्पीकरच्या वायर उलट जोडा. बास दोन्हीकडे जवळपास सारखाच असल्याने पंपिंग बरंच निवतं. ब्रिज केलेल्या क्लास डीला हा त्रास नसतो.

फ्रिक्वेन्सी आणि ट्रान्सफॉर्मर

बाजारातले बरेच ॲडाप्टर ६५ किलोहर्ट्झवर चालतात, त्याला कारण आहे. लाइनवर परत जाणाऱ्या नॉइजची मर्यादा सीआयएसपीआर ३२ या मानकात १५० किलोहर्ट्झपासून सुरू होते. ६५ ची दुपटीची हार्मोनिक १३० ला पडते, मर्यादेच्या बाहेर. पहिली अडचण तिसऱ्या हार्मोनिकला, १९५ ला येते. घरगुती वापराच्या वर्गासाठी १५० किलोहर्ट्झला मर्यादा ६६ डेसिबल मायक्रोव्होल्ट, म्हणजे २ मिलिव्होल्ट, आहे आणि ५०० किलोहर्ट्झपर्यंत ती ०.६३ मिलिव्होल्टवर येते. सर्किटमध्ये ३२५ व्होल्ट उड्या मारत असताना लाइनवर दोन मिलिव्होल्ट! एकट्या फिल्टरच्या जोरावर हे का जमत नाही, ते या आकड्यांवरून कळेल.

फ्रिक्वेन्सी ठरवताना मी आणखी एक गोष्ट पाहतो, ती मानकात नाही. आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झवर आहे, मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ वर, नागपूर ५८५ वर. तुमचा सप्लाय ६६ ला चालला तर त्याची बारावी हार्मोनिक नेमकी ७९२ वर बसते. ६५ ला चालला तर नववी ५८५ वर. ६२ ला नववी ५५८ वर. चौकोनी वेव्हमध्ये विषम हार्मोनिक जोरकस असतात, म्हणून मुंबई-नागपूरची ही जुळणी जास्त वाईट. पुण्यात ६५ ठेवा, नागपुरात ६३ करा. घरातल्या आजी-आजोबांच्या बातम्या त्यामुळे वाचतील. आयआर २१५३ हा ड्रायव्हर वापरला तर १ नॅनोफॅरड आणि ११ किलोओहमला फ्रिक्वेन्सी ६५ च्या आसपास येते. भागांच्या टॉलरन्समुळे ती सरकते, म्हणून रोधाबरोबर एक प्रीसेट ठेवून मीटरवर लावा. या आयसीत ओव्हरकरंट प्रोटेक्शन नसतं हे ध्यानात ठेवा. करंट सेन्स करून तो बंद पाडणारं छोटं सर्किट वेगळं जोडावं लागतं.

आता वेढे. ईटीडी ४९ कोअरचं क्षेत्रफळ २११ चौरस मिलिमीटर. फ्लक्स ०.१२ टेस्ला धरला, फ्रिक्वेन्सी ६५ किलोहर्ट्झ आणि प्रायमरीवर जास्तीत जास्त १८४ व्होल्ट. व्होल्टेजला चार गुणिले फ्रिक्वेन्सी गुणिले फ्लक्स गुणिले क्षेत्रफळ यांनी भागा: २८ वेढे येतात. २३० व्होल्टला हाफ ब्रिज प्रायमरीला १६२ व्होल्ट देतो, म्हणजे वेढ्यामागे ५.८. सेकंडरीला प्रत्येक बाजूला ९ वेढे घातले की ५२ व्होल्ट, डायोडचा एक वजा जाता ५१. भारावर ५० च्या खाली उतरेल. ६५ किलोहर्ट्झला करंट तांब्याच्या पृष्ठभागापासून पाव मिलिमीटरच्या आसपासच आत शिरतो, म्हणून एकच जाड तार घेऊ नका. ०.४ मिलिमीटरच्या तारा एकत्र घेऊन ड्रिलला लावून पीळ द्या: प्रायमरीला पाच, सेकंडरीला चौदा.

वाइंडिंगच्या क्रमावर माझं मत प्रचलित सल्ल्याहून थोडं वेगळं आहे. अर्धी प्रायमरी, मग सेकंडरी, वर उरलेली अर्धी प्रायमरी, अशी सँडविच पद्धत सगळीकडे सांगतात. त्याने लीकेज इंडक्टन्स कमी होतो, हे खरं. पण प्रायमरी आणि सेकंडरी दोन ठिकाणी समोरासमोर येतात आणि त्यांच्यामधली कपॅसिटन्स वाढते. प्रत्येक स्विचिंगला याच कपॅसिटन्समधून करंटचा झटका सेकंडरीत उडी मारतो आणि ॲम्प्लिफायरच्या ग्राउंडवर येऊन बसतो. ऑडिओत हाच सर्वांत छळणारा करंट. म्हणून अनरेग्युलेटेड सप्लायला सगळी प्रायमरी आत, तिच्यावर तांब्याच्या पत्र्याचा एक थर, वर सेकंडरी, असं मी सुचवतो. उरलेला थोडा लीकेज कपॅसिटर चार्ज करणारे पल्स जरा बोथट करतो, तेही आपल्या फायद्याचंच. पत्र्याची दोन टोकं एकमेकांवर यावीत पण टेकता कामा नयेत, मध्ये टेप हवीच; टेकली तर तो शॉर्ट झालेला एक वेढा होईल. पत्रा प्रायमरीच्या डीसी निगेटिव्हला जोडा, चॅसीला नाही. प्रायमरीचं जे टोक मॉसफेटच्या जोडाकडे जातं ते सगळ्यांत आत ठेवा आणि कपॅसिटरच्या मध्यबिंदूकडे जाणारं टोक बाहेरच्या, सेकंडरीच्या बाजूला. याला एक पैसा लागत नाही आणि फरक स्कोपवर दिसतो.

दोन वाइंडिंगमध्ये मायलर टेपचे तीन थर हवेतच, कडेने मोकळी जागा सोडून. पीसीबीवर प्रायमरी आणि सेकंडरीच्या ट्रॅकमध्ये किमान ६ मिलिमीटर अंतर, जागा असेल तर ८.

नॉइज जन्मतो कुठे

पहिली जागा म्हणजे मॉसफेटचं हीटसिंक. टीओ २२० पॅकेजचा पाठीमागचा पत्रा ड्रेनला जोडलेला असतो. खाली ०.१ मिलिमीटरचा अभ्रक घातला की पत्रा, अभ्रक आणि ॲल्युमिनियम मिळून ८० पिकोफॅरडच्या आसपासचा कपॅसिटर तयार होतो. ड्रेन ५० नॅनोसेकंदांत ३२५ व्होल्ट चढला तर त्यातून क्षणभर अर्धा ॲम्पिअर वाहतो. हे हीटसिंक तुम्ही चॅसीला स्क्रूने आवळलेलं असेल, तर तो अर्धा ॲम्पिअर चॅसीवरून अर्थिंगला आणि तिथून घरभर. म्हणून हीटसिंक चॅसीपासून अलग ठेवा आणि प्रायमरीच्या डीसी निगेटिव्हला जोडा. मग ते हीटसिंक मेनवर असतं, त्याला बोट लागणार नाही अशी आडोशाची पट्टी लावा आणि धोक्याची खूण करा.

दुसरी जागा, मॉसफेट आणि बस कपॅसिटरमधला फेरा. मोठे इलेक्ट्रोलिटिक लांब असले तरी चालतील, पण एक फिल्म कपॅसिटर, अर्धा-एक मायक्रोफॅरडचा, दोन मॉसफेटच्या अगदी शेजारी, दोन-तीन सेंटिमीटरच्या आत हवा. गेटला २२ ते ४७ ओहमचा रोध घालून टर्न ऑन हळू करा आणि उलटा डायोड लावून टर्न ऑफ झटपट ठेवा.

तिसरी जागा सेकंडरीचे डायोड. साधे १एन५४०८ किंवा ५० हर्ट्झचा ब्रिज इथे चालतच नाही. डायोडवर उलटं व्होल्टेज दोन्ही रेलची बेरीज, म्हणजे १०० व्होल्ट, आणि वर घंटानादासारखं रिंगिंग. म्हणून २०० व्होल्टचे, एमयूआर १६२० सारखे फास्ट डायोड घ्या. हे रिंगिंग मारायला स्नबर लागतो आणि त्याची किंमत अंदाजाने ठरवू नका. पद्धत सोपी आहे. स्कोपचा प्रोब लहान ग्राउंड स्प्रिंग लावून डायोडवर ठेवा आणि रिंगिंगची फ्रिक्वेन्सी वाचा. समजा २० मेगाहर्ट्झ आली. आता डायोडला समांतर छोटे कपॅसिटर लावत जा, फ्रिक्वेन्सी निम्मी, म्हणजे १० होईपर्यंत. समजा ३३० पिकोफॅरडला ती निम्मी झाली. फ्रिक्वेन्सी निम्मी व्हायला कपॅसिटन्स चौपट व्हावी लागते, म्हणजे सर्किटची मूळची कपॅसिटन्स ३३० च्या तिसऱ्या हिश्शाएवढी, ११०. त्यावरून इंडक्टन्स निघतो ०.५८ मायक्रोहेन्री, आणि त्या दोघांच्या भागाकाराचं वर्गमूळ ७२ ओहम. म्हणून ६८ ओहमचा रोध आणि त्याच्या सिरीजमध्ये ४७० पिकोफॅरड. रोधात जाणारी शक्ती कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजचा वर्ग गुणिले फ्रिक्वेन्सी: ०.३ वॅट. एक वॅटचा रोध लावा, वायरवाउंड नको. स्कोपवर आधी आठ-दहा लाटा दिसत होत्या तिथे दीड-दोन उरल्या, की काम झालं.

डायोडनंतर पहिला कपॅसिटर, मग ५ मायक्रोहेन्रीच्या आसपासचा छोटा इंडक्टर, मग दुसरा कपॅसिटर. ॲम्प्लिफायरचा शून्य व्होल्ट या दुसऱ्या कपॅसिटर जोडीच्या मध्यबिंदूवरून घ्या, ट्रान्सफॉर्मरच्या सेंटर टॅपवरून कधीही नाही. सेंटर टॅपच्या तारेतून चार्जिंगचे पल्स धावत असतात.

फिल्टर, वाय कपॅसिटर, अर्थिंग

ट्रान्सफॉर्मरमधून सेकंडरीत शिरलेला करंट परत प्रायमरीला नेण्यासाठी सेकंडरीच्या शून्य व्होल्टपासून प्रायमरीच्या डीसी निगेटिव्हला एक वाय १ वर्गाचा कपॅसिटर लावा, २.२ नॅनोफॅरडचा. २३० व्होल्टला त्यातून ५० हर्ट्झचा ०.१६ मिलिॲम्पिअर गळतो. इथे साधा डिस्क सिरॅमिक लावणं म्हणजे जिवाशी खेळ. वाय १ चा शिक्का असलेलाच हवा, कारण तो शॉर्ट झाला तर स्पीकरच्या वायरवर मेन येतं.

लाइन फिल्टर सॉकेटच्या अगदी पाठीशी असावा. ०.४७ मायक्रोफॅरडचा एक्स २ कपॅसिटर, त्याला समांतर डिस्चार्जसाठी १ मेगाओहम, मग उच्च पर्मिएबिलिटीच्या फेराइट रिंगवरचा काही मिलिहेन्रीचा कॉमन मोड चोक. जुन्या सप्लायमधली पिवळी-पांढरी रिंग इथे वापरू नका, ती आयर्न पावडरची असते, कॉमन मोडला निरुपयोगी. चोकची दोन वाइंडिंग रिंगच्या समोरासमोरच्या बाजूंना, एकमेकांपासून लांब. फिल्टरमध्ये जाणारी आणि बाहेर येणारी वायर एकाच गुच्छात बांधली, तर नॉइज फिल्टरला वळसा घालून निघून जातो. नीटनेटकं दिसावं म्हणून वायरी टायने एकत्र आवळण्याची सवय इथे घात करते.

फेज आणि न्यूट्रलपासून चॅसीला जाणारे दोन वाय कपॅसिटर असतील आणि अर्थ जोडलेलं नसेल, तर चॅसीवर ११५ व्होल्ट दिसतात आणि बोटांना मुंग्या येतात. त्यावर इलाज म्हणून वाय कपॅसिटर कापू नका, बोर्डाचं अर्थिंग दुरुस्त करा. चॅसीचं अर्थ कधीही तोडायचं नाही. हम लूप मोडायचाच असेल तर सिग्नलचा शून्य व्होल्ट आणि चॅसी यांच्यामध्ये १० ओहम, त्याला समांतर १०० नॅनोफॅरड आणि एक ३५ ॲम्पिअरचा ब्रिज असा लावा की दोष झाल्यास करंट ब्रिजमधून बिनबोभाट अर्थला जाईल.

तपासणी

पहिल्यांदा चालू करताना १०० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये. बल्ब क्षणभर पेटून विझला तर ठीक. पेटलेला राहिला तर बंद करा. स्कोप वापरताना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधून सप्लाय चालवा, स्कोपची अर्थ पिन काढू नका. बंद केल्यावर बस कपॅसिटर १०० किलोओहमच्या ब्लीडरमधून रिकामे व्हायला पाच मिनिटं तरी घेतात; मीटर लावून पाहिल्याशिवाय हात घालू नका.

मग बॅटरीवरचा साधा मिडियम वेव्ह ट्रान्झिस्टर रेडिओ घ्या. स्टेशन नसलेल्या जागी लावून बोर्डाभोवती फिरवा. तो कुठे जास्त खरखरतो ते पाहिलं की कोणता फेरा मोठा झाला आहे ते समजतं. महागडा स्पेक्ट्रम ॲनलायझर नसला तरी एवढ्याने बरंच काम भागतं. रेडिओ मेन केबलजवळ खरखरत असेल तर कॉमन मोड चोक कमी पडतो आहे. ट्रान्सफॉर्मरजवळ असेल तर पत्र्याचा जोड तपासा. सेकंडरीजवळ असेल तर स्नबर.

स्पीकरमधून येणाऱ्या आवाजाचंही निदान ऐकूनच होतं. ५० किंवा १०० हर्ट्झची घरघर असेल तर दोष बहुतेक ग्राउंड लूपचा आहे, एसएमपीएसला त्यात उगाच बोल लावू नका. स्थिर शिट्टी असेल आणि जवळ दोन एसएमपीएस असतील, तर त्यांच्या फ्रिक्वेन्सीतला फरक ऐकू येतो आहे: एक ६५ ला, दुसरा ६७.५ ला, म्हणजे अडीच किलोहर्ट्झची शिट्टी. दोघांना एकाच ऑसिलेटरवर बांधा किंवा फरक २५ किलोहर्ट्झच्या पुढे न्या. क्लास डीची स्विचिंग फ्रिक्वेन्सीही सप्लायच्या कोणत्याही हार्मोनिकजवळ येऊ देऊ नका.

शेवटी वायरवाउंड रोधांचा डमी लोड लावून, पूर्ण ताकदीच्या एक अष्टमांशावर, झाकण लावलेल्या पेटीत दोन तास चालवा. झाकण काढून केलेली चाचणी उन्हाळ्यातल्या विदर्भात काहीच सांगत नाही. कोअर ९० अंशांच्या आत, रेलचे इलेक्ट्रोलिटिक ६० च्या आत असायला हवेत. कपॅसिटर त्याहून तापत असतील तर ते डायोडच्या हीटसिंकपासून लांब हलवा. कोअर तापत असेल तर प्रायमरीला दोन-तीन वेढे वाढवा आणि त्याच प्रमाणात सेकंडरीलाही एक.